खालचा रुमाल

१

"फाईल न्हाई! ताई, गाडी थांबवा, माझी फाईल न्हाई!"

न्हावऱ्याचा गतिरोधक मागं पडून पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. दोन भांडखोरांच्या मधून मी आत्ताच बाहेर पडले होते. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात कुणाच्या तरी शर्टाचं तुटलेलं बटण, आणि तोंडात अशा शिव्या की ड्युटीवरच्या बाईनं देऊ नयेत. मी तुळजाबाई. सोळा वर्षं शिरूर-दौंड रस्त्यावर कंडक्टरकी करतेय. माझ्या गाडीत जागेसाठी माणसं भांडतात, सुट्ट्यासाठी भांडतात, उलटी कुणाच्या अंगावर झाली म्हणून भांडतात. पण चोरी? माझ्या गाडीत? डोकंच फिरलं माझं.

मी दोरी ओढली. एक घंटी. ड्रायव्हर माऊलींनी गाडी उसाच्या कडेला, बाभळीच्या सावलीत घेतली.

"दार उघडायचं नाही, माऊली," मी म्हटलं. "कुणालाच नाही."

ओरडणारी मुलगी हर्षदा. बावीस वर्षांची, कवठे येमाईची, धनगराघरची. शिरूरला हाफ तिकीट घेतानाच न विचारता तिनं सगळं सांगून टाकलं होतं. दौंडच्या एका सरकारी ऑफिसात लिपिकाची जागा लागलीय, आज कागद तपासणार, अकराच्या आत हजर व्हायचं, झेरॉक्स चालत नाही. बाप ती सात वर्षांची असताना गेला, चुलत्यानं वाढवलं. चुलतभाऊ साई आणि तिनं एकाच खोलीत बसून अभ्यास केला. तो दीड मार्कानं राहिला. "त्याचं लई वाईट वाटतं, ताई. पण मी लागले," असं म्हणून ती हसली होती आणि पोटाशी धरलेली बॅग आणखी घट्ट धरली होती.

आता त्याच बॅगेची चेन उघडी होती आणि पोरीच्या ओठांतला रंग गेला होता.

"काय काय होतं फाईलमधी?"

"सगळंच. मार्कलिस्टा, जातीची पडताळणी, पणजोबांचा शाळेचा दाखला. तो तर परत मिळायचा पण न्हाई, ताई. ती शाळाच जळाली."

मी घड्याळ बघितलं. नऊ वाजून दहा मिनिटं. इथून दौंड सव्वा तासाच्या आत नाही.

२

भांडण शिरूरपासूनच धुमसत होतं, ते आधी सांगते.

आमच्या स्टँडवर गाडी लागली की माणसं दाराकडं नंतर पळतात, आधी खिडक्यांकडं. रुमाल टाकायला. ज्याचा रुमाल त्याची जागा. हा कायदा कुठल्या पुस्तकात नाही, पण आमदाराला सुद्धा मोडता येत नाही. दार मी उघडलं, गर्दी आत घुसली, आणि उजवीकडच्या चौथ्या बाकड्यावर खिडकीच्या जागेवर दोन रुमाल निघाले. एकावर एक, घडी घातलेले.

वरचा पांढरा, निळ्या काठाचा. तो सत्यजीतचा. हा राहू गावाकडचा, बागायतदाराचा पोरगा, इस्त्रीचा शर्ट आणि डोक्यावर गॉगल. त्याची मोटार गॅरेजला होती म्हणून एसटीत आला होता आणि ते त्यानं अख्ख्या गाडीला ऐकवलं होतं. खालचा पिवळा, कंपनीत हात पुसायला देतात तसला. तो शंभूचा. शंभू एमआयडीसीतली रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल, झोपेला आसुसलेला.

"खालचा रुमाल माझा. म्हंजी आधी मी टाकला," शंभू म्हणाला.

"वरचा दिसतो त्याची जागा. खालचं कोण बघत बसतंय?" सत्यजीत म्हणाला आणि बसला सुद्धा.

त्याच बाकड्यावर अलीकडं झुंबरबाई नावाची म्हातारी मांडीवर मोठी पिशवी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "आरं, दोघं एकमेकाच्या मांडीवर बसा की!" गाडी हसली. शंभू मात्र हसला नाही. तो उभा राहिला, सत्यजीतच्या डोक्यावर वाकून, आणि न्हावऱ्यापर्यंत पुटपुटत राहिला. गाडी खचाखच, दुसरी जागा द्यायची तर मी माझ्या डोक्यावर देणार होते का? तरी मला आतून वाटत होतं की हे पेटणार. सोळा वर्षांत तेवढा वास येतो.

न्हावऱ्याच्या गतिरोधकावर गाडी उडाली, शंभू सत्यजीतच्या अंगावर पडला, सत्यजीतनं त्याला ढकललं. मग काय, गचांडी धरली, बटणं तुटली, शंभूच्या नाकातून रक्त आलं. गाडीतली निम्मी माणसं सोडवायला उठली आणि उरलेली बघायला. शंभू मागं कोसळला तो थेट हर्षदावर, कारण ती पॅसेजच्या पलीकडं, डाव्या बाकड्याच्या कडेला बसली होती. तिच्या शेजारी खिडकीत तिचे चुलते आण्णा. बॅग खाली पायात पडली. आण्णा ओरडले, "पोरी, उठ, चेंगरशील!" त्यांनीच तिला ओढून बाजूला केलं आणि बॅग उचलून धरली.

दोन मिनिटांत बॅग तिच्याकडं परत आली, आणि फाईल त्यात नव्हती.

३

"हे दोघं मिळालेले असणार," मागून कुणीतरी बोललं. "भांडणाचं नाटक करायचं आन् तिसऱ्याचा माल उडवायचा. पुण्याच्या गाडीत असंच झालंतं."

मला ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू? मी दोघांना समोरासमोर उभं केलं.

"मॅडम, मी कोण हाय माहितीय का?" सत्यजीत म्हणाला.

"दौंडपर्यंतचं एक फुल्ल तिकीट. बॅग उघडा."

बॅगेत लॅपटॉप आणि अत्तराची बाटली. शंभूच्या पिशवीत रिकामा डबा आणि बूट. त्यानं तर शर्ट वर करून दाखवला. नाकाला लावलेल्या पिवळ्या रुमालातून रक्त गळत होतं. तो म्हणाला, "ताई, नाटक आसतं तर मी एवढा मार खाल्ला आसता व्हय?"

ते खरं होतं. आणि मिळालेले असते तर दोन रुमालांची भानगड कशाला केली असती? भांडायला एक पुरला असता.

मग मी सगळ्यांच्याच पिशव्या बघायला लागले. आण्णांनी आपली पिशवी सगळ्यांच्या आधी पुढं केली. "माझीच आधी बघा, बाई. घरच्या माणसापासनं सुरुवात करा." साठीचा माणूस, पांढरी टोपी, खांद्यावर काळी घोंगडी. पिशवीत भाकरी आणि पाण्याची बाटली. मला उगीच लाज वाटली.

झुंबरबाई मात्र पिशवी सोडेना.

"मी न्हाई दावणार. बाईमाणसाची पिशवी हाय."

"मी पण बाईमाणूसच आहे, आज्जे."

"तू कंडाक्टर हायेस."

गाडीत कुजबुज सुरू झाली. म्हातारी अगदी पॅसेजच्या कडेला, बॅग पडली तिच्या पायापाशी. हर्षदा हात जोडून तिच्यासमोर बसली. "आज्जे, घेतली आसंल तर द्या. मी कुणाला काय सांगणार न्हाई." मी पिशवीचं तोंड धरलं. आत काहीतरी हललं. मग पिशवीनं स्वतःच तोंड उघडलं.

"कॉक् कॉक्!"

तांबडी कोंबडी. लेक दौंडला बाळंत झालेली, तिच्यासाठी गावरान. "तू तिचं तिकीट मागशील म्हणून लपीवली," झुंबरबाई रडवेली होऊन म्हणाली. एरवी मी हसले असते. त्या वेळी हर्षदानं गुडघ्यात डोकं घातलं होतं आणि साडेनऊ वाजायला आले होते.

"माऊली, चालू करा," मी म्हटलं. "पारगावच्या पुलापर्यंत चला. सापडली तर वेळ तरी हाताशी राहील."

४

गाडी सुरू झाली. मे महिना, उभ्या माणसांचा वास. फाईल गाडीतच असायला हवी होती. भांडणानंतर कुणी उतरलेलं नव्हतं. खिडकीतून फेकली असली तर गोष्ट संपली, पण मग चोरानं मिळवलं काय?

तेवढ्यात सत्यजीत घाम पुसत म्हणाला, "मॅडम, एवढा राडा झाला ह्या खिडकीसाठी, आन् हिची काचच सरकत न्हाई."

"ती महिन्यापासून बंद आहे," मी म्हटलं. "स्क्रू मारलाय. मीच तर वहीत लिहिलंय."

आणि बोलता बोलता माझी मीच थांबले.

"शंभू, तू रुमाल कुठून टाकलास?"

"खिडकीतनं."

"कुठल्या?"

"ड्रायव्हरच्या मागची तिसरी. तिथं काच अर्धी व्हती, मी हात घालून सोडला."

"आणि तुम्ही?"

"पाचवी," सत्यजीत म्हणाला. "माझ्या पाठीमागं स्टँडचा खांब होता. पक्कं आठवतंय."

"मग चौथ्या बाकड्यावर कसे आले दोन्ही?"

दोघांनी एकमेकाकडं बघितलं. भांडणानंतर पहिल्यांदाच नीट बघितलं. गर्दीत आत शिरलेल्या माणसाला आपला रुमाल दिसला की तो तिथं जातो, कितवी खिडकी ते कोण मोजतंय? ज्या खिडकीतून मुंगी आत येणार नाही, तिच्याखाली दोन रुमाल पडले होते. पडले कसले, कुणीतरी ठेवले होते.

"दोघंही खरंच बोलत होते," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "भांडणही खरं होतं. पण लावलेलं होतं. कळ लावणारा तिसराच आहे. हर्षदाच्या बरोबर समोर त्यानं दोघांची जागा एक केली. मे महिन्यात खिडकीसाठी दोन गडी भांडणार, हे सांगायला जोतिषी लागत नाही."

"पन दार तर तुम्हीच उघडलं, ताई," शंभू म्हणाला. "आमच्या आदी आत कोण व्हतं?"

तेच तर. मी पुढं गेले, माऊलींच्या जाळीशी. वीस वर्षांची नोकरी, तोंडात कधी खोटं नाही असा माणूस. रस्त्यावरची नजर त्यांनी हलवली नाही.

"माऊली, डेपोतून गाडी स्टँडवर लावली तेव्हा आत कोण होतं?"

त्यांनी गिअर बदलला. एक ट्रॅक्टर जाऊ दिला.

"नियमात बसत न्हाई, तुळजाबाई. पन पोरीची नोकरी हाय, दोन जागा धरू द्या म्हनाले. ओळखीचा माणूस. मी माझ्या दारानं आत घेतलं."

"कुणाला?"

"आण्णाला."

५

पुलाच्या अलीकडं गाडी थांबली. खाली भीमेचं पाणी आटलेलं.

आण्णा शांत होते. "व्हय, मी व्हतो आत. रुमाल खाली पडलेलं, तुडवलं जातील म्हणून उचलून बाकड्यावर ठेवलं. ह्यो काय गुन्हा झाला?"

"नाही," मी म्हटलं. "पण घडी कुणी घातली?"

"कसली घडी?"

"शंभू, तू रुमाल घडी घालून टाकलास?"

"मी? चुरगाळून टाकला, ताई."

"शिरूरला दोन्ही रुमाल मी बघितलेत, आण्णा. इस्त्रीवाल्याकडून आल्यासारखे. आधी लांबीत दुमडलेले, मग तीन घड्या. पोरीची ओढणी घसरली तेव्हा तुम्ही ती उचलून तशीच घडी घातलीत. आणि खांद्यावरच्या घोंगडीची घडी बघा. लांबीत एक, मग तीन."

आण्णांचा हात आपोआप घोंगडीवर गेला. जन्मभर मेंढरामागं हिंडलेला माणूस. कापड हातात आलं की हात आपलं काम करतात, डोक्याला विचारत नाहीत. माणसानं सगळा विचार केला होता, फक्त स्वतःच्या हातांचा नाही.

"अजून एक. शिरूरला सीट तापलीय, पोरीला चटका बसंल म्हणून ती घोंगडी तुम्ही हर्षदाच्या खाली अंथरलीत. मला केवढं बरं वाटलं होतं बघून. भांडणानंतर ती तुमच्या खांद्यावर गेली. एवढ्या उकाड्यात. पोरीला द्या की परत बसायला."

"घोंगडीला हात लावायचा न्हाई! देवाची हाय ती!"

"देवाची आहे म्हणूनच तर कुणी झडती घेतली नाही, आण्णा."

"ताई, काय बोलताय तुम्ही?" हर्षदा माझ्यावरच धावून आली. "आण्णांनी वाढवलंय मला! बाप हायेत ते माझे! त्यांना काय मिळणार माझी फाईल घेऊन?"

मला तिचा हात धरावा वाटला. धरला नाही. पावणेदहा वाजले होते आणि गोड बोलायला वेळ नव्हता.

"तू अकराला पोचली नाहीस तर जागा कुणाला जाते?"

"वेटिंगवाल्याला."

"वेटिंगला पहिलं नाव कुणाचं आहे?"

तिनं सावकाश मान वळवून चुलत्याकडं बघितलं.

"साईदादाचं," ती म्हणाली.

आण्णांनी घोंगडी खांद्यावरून उतरवली, मांडीवर ठेवली आणि एकेक घडी उलगडली. मधल्या घडीत निळी फाईल होती.

"फेकणार नव्हतो," ते म्हणाले. "आज्याचा दाखला हाय त्यात. अकरा वाजून गेले की बाकड्याखाली सापडली म्हणून देणार व्हतो." त्यांनी फाईल तिच्यापुढं धरली. "निकाल लागल्यापासनं साई जेवत न्हाई गं. विहिरीच्या काठाला जाऊन बसतोय. रातीला मी उठून उठून त्याला बघतोय. तू काय, आज ना उद्या दुसऱ्याच्या घरी जाशील. त्यो कुठं जाईल?"

"थेरड्या!" शंभू उसळला. सत्यजीतनं बाही वर केली. "पोलिसात द्या ह्याला, मॅडम. मी लावतो फोन." आता दोघं शेजारी शेजारी उभे होते, एका बाजूला. मघाशी एकमेकाचा जीव घेणारे.

हर्षदा मधे उभी राहिली. तिनं फाईल उघडून एकेक कागद मोजून बघितला. मग म्हणाली, "पोलिस नको. मला उशीर होईल."

आण्णांनी हात जोडले. तिनं ते बघितले नाहीत.

"तुम्ही मागितली असती तरी मी जागा सोडली नसती, आण्णा. पण आपण भांडलो असतो, घरी, समोरासमोर. माझ्याशी भांडायचं सोडून तुम्ही दोन परक्या माणसांची डोकी फोडलीत."

आण्णा रडायला लागले. म्हातारा माणूस तोंड न झाकता रडतो ते बघवत नाही. मी डबल बेल मारली.

६

माऊलींनी त्या दिवशी गाडी अशी हाणली की चौफुला कधी गेला आणि पाटस कधी गेलं ते मला आठवत नाही. सत्यजीतनं वाटेतच फोन करून त्याच्या माणसाला मोटरसायकल घेऊन दौंडच्या स्टँडवर उभं केलं. शंभू त्याला म्हणाला, "बसा खिडकीत, झोप उडाली माझी." सत्यजीत खिडकीत बसला नाही. शेवटी त्या बंद खिडकीत झुंबरबाईची कोंबडी बसली.

दहा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी हर्षदा उतरली. मोटरसायकलकडं पळाली, अर्ध्यातून परत आली. आण्णा अजून जागेवरच होते. उतरून जाणार तरी कुठं? खिडकीबाहेरून तिनं ओढणीला बांधलेला छोटा रुमाल सोडला आणि आत टाकला. आण्णांच्या शेजारच्या जागेवर पडला तो.

"ताई, दोनच्या गाडीला आमच्या दोन जागा," ती मला म्हणाली आणि गेली.

गाडी दोनपर्यंत तिथंच उभी होती. पत्रा तापला होता. माऊली आणि मी खाली कडुनिंबाखाली डबा खाल्ला, आण्णांना भाकरी दिली तर त्यांनी घेतली नाही. मी दोनदा चढून बघून आले. ते तसेच बसलेले, आणि शेजारी तो चुरगळलेला रुमाल. त्यांनी त्याला हात लावला नव्हता. घडीसुद्धा घातली नव्हती.

मला राग येत होता, आणि कीवही येत होती, आणि दोन्ही एकदम येतात तेव्हा माणसानं काय करायचं असतं ते कुणी शिकवलेलं नाही.

दोनला दहा कमी असताना हर्षदा आली. घामेजलेली, फाईल पोटाशी.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. पंधरा तारखेला रुजू."

मी तिच्या पाठीवर अशी थाप मारली की ती पुढं गेली. ती हसली नाही. जागेवरचा रुमाल उचलला, बसली, आणि माझ्यापुढं पैसे धरले. "दोन शिरूर. एक हाफ, एक फुल्ल."

मी तिकिटं फाडून दिली. गाडी भरत होती, पलीकडं कुणीतरी खिडकीवरून कुरकुर करायला लागलं होतं. हर्षदा चुलत्याकडं वळली.

"साईदादाला घरी कसं सांभाळायचं ते ठरवू. पण त्याच्या आधी बोला, आण्णा. काय भांडायचं ते माझ्याशी भांडा. शिरूरपर्यंत दोन तास हायेत."

मी दोरी ओढली. दोन घंट्या.